खेळ रचण्याची विद्या आणि शाळेचें प्रमाणपत्र



व्हिडिओ गेम हा शब्द कानीं पडतांच बहुतेक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलगा मोबाईल घेऊन कोपऱ्यांत बसला, म्हणजे अभ्यास बुडाला, डोळे बिघडले आणि प्रसंगीं पैसेहि गेले, असा त्यांचा अनुभव असतो. आणि तो निराधार आहे असें कोणी म्हणणार नाहीं. असें असतां हाच विषय माध्यमिक शाळेंत शिकवावा, आणि तोहि व्यवसायाच्या प्रमाणपत्रासह शिकवावा, असा विचार आज सरकारी पातळीवर पक्का होत चालला आहे. दि. १ फेब्रुवारी २०२६ रोजीं मांडलेल्या केंद्रीय अंदाजपत्रकांत देशांतील १५,००० माध्यमिक शाळा व ५०० महाविद्यालयें यांमध्यें चलच्चित्रें, दृश्यपरिणाम, खेळ व चित्रकथा यांच्या निर्मितीच्या प्रयोगशाळा उभारण्याचा संकल्प जाहीर झाला. हें काम मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या द्वारें व्हावयाचें आहे. त्यापूर्वी, सप्टेंबर २०२५ मध्यें, महाराष्ट्र शासनानेंहि या उद्योगासाठीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें होतें.

नाशकाहून सुमारें २५ किलोमीटरांवर असलेल्या दिंडोरीच्या एखाद्या शाळेला अशी प्रयोगशाळा मिळाली, तर तिचें काय करावयाचें? यंत्रें येतील, उद्घाटन होईल, फलक लागेल, पण पुढें? हा प्रश्न प्रयोगशाळा येण्याच्या आधींच विचारून ठेवणें शहाणपणाचें आहे. कारण दिंडोरीच्या मुलामुलींपैकीं कितीएकांचें शालेय शिक्षण दहावीशीं येऊन थांबतें, आणि त्यांना शाळेंतून जें कांहीं द्यावयाचें तें तेथवरच देतां येतें. म्हणून हा विषय आहे तरी काय, त्यांतून मुलाच्या हातीं काय येतें, आणि प्रमाणपत्राची किंमत किती धरावी, या तीन गोष्टींचा आज आपण विचार करूं.

प्रथम एक भेद लक्षांत घ्यावा. खेळ खेळणें ही एक गोष्ट आणि खेळ रचणें ही अगदीं निराळी गोष्ट. खेळणारा नियम पाळतो. रचणारा नियम ठरवितो, आणि त्या नियमांमुळें खेळणारे कसे वागतील याचा आधीं अंदाज बांधतो. ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. मोक्षपट हा खेळ आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. सद्गुणाच्या घरावर शिडी आणि दुर्गुणाच्या घरावर साप, अशी त्याची रचना. जुन्या अनेक पटांवर शिड्यांपेक्षां सापांची संख्या अधिक असे, असें अभ्यासक सांगतात. ही संख्या सहजगत्या पडलेली नाहीं. मोक्षाचा मार्ग बिकट आहे, ही शिकवण रचणाऱ्यानें प्रवचन न करितां केवळ सापांच्या संख्येनें दिली. पुढें हाच खेळ युरोपांत गेला आणि सापशिडी होऊन मुलांच्या खोलींत रमला. तेव्हां साप आणि शिड्या बरोबरीच्या करण्याकडे कल झाला, आणि त्याबरोबर खेळाचा उपदेशहि सौम्य झाला. नियम बदलला कीं अर्थ बदलतो, हें खेळरचनेचें पहिलें सूत्र.

आतां हेंच सूत्र दिंडोरीच्या मातींतील एका उदाहरणानें पाहूं. दिंडोरी हा धरणांचा तालुका आहे. करंजवण, ओझरखेड, पालखेड, वाघाड हीं धरणें याच तालुक्यांत आहेत. पाटाच्या पाण्याची पाळी, तीवरून होणारी भांडणें आणि शेवटच्या शेतापर्यंत न पोंचणारें पाणी, या गोष्टी येथील मुलांना पुस्तकांतून शिकाव्या लागत नाहींत. समजा, नववींतील पांच मुलांनीं "पाटाचें पाणी" नांवाचा खेळ रचावयास घेतला. पुठ्ठ्यावर एक पाट आंखला. त्याच्या कांठीं धरणापासून टोंकापर्यंत आठ शेतें मांडलीं, आणि प्रत्येक डावास धरणांतून ४० मापें पाणी सोडावयाचें ठरविलें.

पहिला नियम असा केला कीं, धरणाजवळच्या शेतकऱ्यानें आधीं हवें तितकें पाणी घ्यावें, मग पुढच्यानें घ्यावें. खेळ सुरू झाला. उसाला १२ मापें पाणी लागतें असें खेळांत धरलें होतें, आणि उसाला गुणहि अधिक ठेवले होते. म्हणून पहिल्या तिघांनीं ३६ मापें पाणी घेतलें. चौथ्याच्या वांट्याला ४ मापें आलीं, आणि टोंकाकडचे चौघे कोरडे राहिले. दोन डावांतच ते कंटाळले व खेळ सोडून उठले. येथें पहिल्या तिघांना लोभी म्हणून काय उपयोग? नियमच असा होता कीं, त्यांत शहाणा माणूसहि तसाच वागेल.

मग मुलांनीं नियम बदलला. प्रत्येक शेतास मोजून ५ मापें पाणी मिळेल. पीक कोणतें घ्यावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावें. वांचलेलें पाणी पुढच्या डावासाठीं राखतां येईल. लगेच खेळाचा रंग पालटला. ऊस घेणारा विचार करूं लागला, ठिबकानें द्राक्षें पिकविणारा पुढें जाऊं लागला, आणि टोंकाचा शेतकरी डाव संपेपर्यंत टिकून राहिला. माणसें तींच, पाणी तेंच. बदलला तो फक्त नियम.

वाघाडच्या कालव्यावर हें प्रत्यक्ष घडलेलें आहे. कालव्याच्या टोंकाकडील, ओझर परिसरांतील शेतकऱ्यांना पुरेसें पाणी मिळत नव्हतें. १९९० नंतरच्या दशकांत ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांच्या पुढाकारानें तेथें पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावयाचें, आणि त्यावर कोणतें पीक काढावयाचें हें शेतकऱ्यानेंच ठरवावयाचें, ही पद्धत तेथें रुजली, आणि त्या प्रयोगाची ख्याति महाराष्ट्राबाहेरहि गेली. पुढें २००५ सालीं शेतकऱ्यांनीं सिंचनव्यवस्थेचें व्यवस्थापन करण्यासंबंधीं स्वतंत्र कायदा राज्यांत झाला. नववीच्या मुलाला हा इतिहास नुसता सांगितला, तर तो परीक्षेपुरता लक्षांत राहील. पण ज्यानें स्वतः दोन नियम करून पाहिले, त्याला त्या इतिहासांतील मर्म कळतें. आपल्या आजोबांनीं पाण्यासाठीं रात्र कां जागविली, हेंहि त्याला नव्यानें उमगतें.

पुठ्ठ्यावर खेळ जमला म्हणजे तो संगणकावर न्यावयाचा. यासाठीं महागडीं यंत्रें लागतातच असें नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत तयार झालेली स्क्रॅच ही आज्ञावली २००७ पासून जगभर मुलांसाठीं विनामूल्य उपलब्ध आहे, आणि ती एकदां उतरवून घेतली कीं इंटरनेटवांचूनहि चालते. तींत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकास एक जोडावयाचे असतात. त्याच्या पुढची पायरी म्हणून गोडो नांवाचें, २०१४ पासून सर्वांस खुलें झालेलें, खेळ बनविण्याचें साधन आहे.

संगणकावर गेल्यानंतर मुलाला तीन कल्पना शिकाव्या लागतात. पहिली चलाची: "धरणांतील पाणी" हें एक नांव, आणि त्याची किंमत क्षणोक्षणीं बदलणारी. दुसरी अटीची: पाणी असेल तर शेताला द्यावें, नसेल तर पुढें जावें. तिसरी आवृत्तीची: हेंच काम आठ शेतांसाठीं आठ वेळां करावें. एवढें शिकून मूल पहिला नियम यंत्राला सांगतें, आणि पहिल्याच फेरींत पडद्यावर दिसतें: धरणांत पाणी उणे ८! हें कसें झालें? चौथ्या शेताच्या वेळीं धरणांत ४ मापें शिल्लक होतीं. म्हणजे "पाणी आहे का" या प्रश्नाचें उत्तर "होय" असें आलें, आणि यंत्रानें १२ मापें काढून घेतलीं. "पुरेसें पाणी आहे का" असें विचारावयास मूल विसरलें होतें. माणूस अशी चूक सांभाळून घेतो, यंत्र घेत नाहीं. "आहे" आणि "पुरेसें आहे" यांतील अंतर ज्या मुलाला या उणे ८ नें शिकविलें, त्याला ऋण संख्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाहीं.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि शाळांतून बहुधा वगळली जाणारी. खेळ दुसऱ्यांच्या हातीं द्यावयाचा. सहावीच्या चार मुलांना बोलवावें, खेळ त्यांच्यापुढें ठेवावा, आणि रचणाऱ्यानें तोंड मिटून नुसतें पाहत बसावें. तीं कोठें अडखळतात, कोणता नियम त्यांना उमगत नाहीं, कोठें हंसतात आणि कोठें जांभई देतात, हें वहींत टिपावें. स्वतःला स्पष्ट वाटलेली गोष्ट दुसऱ्याला स्पष्ट नसते, हा धडा येथें मिळतो. मग नियम दुरुस्त करावा, पुनः खेळून पाहावें, पुनः दुरुस्त करावा. ज्या मुलानें असा एक लहानसा खेळ शेवटास नेला, त्यानें दहा अर्धवट खेळ करणाऱ्यापेक्षां पुष्कळ अधिक मिळविलें असें समजावें.

या कामांत एकट्या गणित जाणणाऱ्याचेंच राज्य असतें असेंहि नाहीं. पट रंगविणारा पाहिजे, आवाज टिपणारा पाहिजे, नियम थोडक्या व चोख मराठींत लिहिणारी मुलगी पाहिजे, चुका शोधणारा चिकाटीचा मुलगा पाहिजे. तालुक्याच्या पश्चिम भागांत आदिवासी वस्ती मोठी आहे. तेथील मुलांनीं आपल्या घरच्या बोलींत खेळांतील सूचना ध्वनिमुद्रित केल्या, तर त्या बोलीला शाळेंत मानाची जागा मिळेल. विषयांचाहि तोटा नाहीं. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी लवकर करावी तर पावसानें केवडा रोग पडण्याची भीति, उशिरां करावी तर बाजारभाव हुकण्याची भीति. हा पेंच म्हणजे संभाव्यतेचा जिवंत धडा आहे. १६७० सालीं सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची दाऊदखानाच्या फौजेशीं वणी-दिंडोरीजवळ लढाई झाली. त्या मोहिमेवर खेळ रचावयाचा, तर भूगोल, अंतरें आणि वेळ यांचा हिशेब मांडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां प्रमाणपत्राकडे वळूं. शाळेंत हल्लीं जीं प्रमाणपत्रें मिळतात, तीं तीन जातींचीं असतात. पहिलें हजेरीचें: अमुक दिवसांच्या शिबिरास हा विद्यार्थी उपस्थित होता, एवढेंच तें सांगतें. दुसरें साधनाचें: अमुक कंपनीची आज्ञावली याला चालवितां येते. खेळ बनविण्याच्या युनिटी या साधनाची कंपनी अशी प्राथमिक परीक्षा घेते, आणि परदेशांतील अनेक माध्यमिक शाळांत ती शिकवणीला जोडून देतात. तिसरें कामाच्या पात्रतेचें: २०१३ सालीं केंद्र शासनानें राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा लागू केला, त्यांत प्रत्येक कामाला लागणारें कौशल्य पायरीपायरीनें नमूद केलें आहे, आणि त्या पायरीची परीक्षा प्रात्यक्षिकासह घेतली जाते. महाराष्ट्रांतील अनेक शाळांत नववी-दहावीला या आराखड्यांतील व्यवसायविषय घेतां येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि व्यवसायशिक्षण शालेय शिक्षणापासून अलग ठेवूं नये, असेंच सांगितलें आहे.

या तिहींची किंमत सारखी नाहीं. साधनाच्या प्रमाणपत्राची उणीव ही कीं, साधनच नाहींसें होऊं शकतें. एके काळीं संगणकावरील हजारों खेळ फ्लॅश या साधनानें बनत. डिसेंबर २०२० अखेर त्याच्या निर्मात्यांनीं त्याचा आधार काढून घेतला, आणि तें प्रचारांतून गेलें. ज्यानें फ्लॅशच्या कळा तेवढ्या पाठ केल्या होत्या, त्याचें प्रमाणपत्र त्याच दिवशीं जुन्या चलनासारखें झालें; ज्यानें हालचालीची लय आणि नियमांची मांडणी शिकून घेतली होती, तो दुसऱ्या साधनाकडे निर्धास्त वळला. म्हणून साधनाचें प्रमाणपत्र अवश्य घ्यावें, पण तें विद्येच्या मागून यावें.

चांगलें प्रमाणपत्र कसें असतें, याचा नमुना आपल्या शाळांपाशींच आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा महाराष्ट्रांतील खेडोपाडींच्या मुलांनीं पिढ्यान् पिढ्या दिल्या आहेत. त्यांत विद्यार्थी कागदावर स्वतःच्या हातानें चित्र काढतो, आणि परीक्षक तो कागद पाहूनच श्रेणी ठरवितो. चित्रकलेविषयीं चार प्रश्नांचीं उत्तरें पाठ करून तेथें भागत नाहीं. खेळरचनेच्या प्रमाणपत्रालाहि हीच कसोटी लावावी. प्रमाणपत्राबरोबर विद्यार्थ्याची कामाची वही असावी. तींत नियमांचा पहिला खर्डा, बदलांची नोंद, खेळून पाहणाऱ्यांचे अभिप्राय आणि अखेरचा पुरा खेळ, हीं सर्व असावींत. पुढें कोणी विचारलें, "तुला काय येतें?" तर मुलानें कागद दाखविण्याऐवजीं खेळ सुरू करून द्यावा.

शाळेच्या चौकटींत असें शिक्षण बसतें काय, अशी शंका शिक्षकांना येईल. तिचें उत्तर पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें मिळतें. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथून माध्यमिक शाळांत मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम गेला, त्यांत आठवी ते दहावीचीं मुलें आठवड्यांतून एक दिवस हातानें काम करतात; जोडकाम, बांधकाम, शेती, वीज, आरोग्य या सर्वांत थोडथोडें, आणि शक्य तेथें गांवाला खरोखर हवें असलेलें काम. राज्याच्या परीक्षा मंडळानें हा विषय मान्य केला. पाबळच्या अनुभवाचें सार असें कीं, मुलाचें काम कोणाच्या तरी उपयोगीं पडलें म्हणजे त्याचें शिकणें पक्कें होतें. दिंडोरींतील मुलांनीं केलेला "पाटाचें पाणी" हा खेळ एखाद्या पाणीवापर संस्थेच्या बैठकींत शेतकऱ्यांनीं खेळून पाहिला, तर त्या मुलांना त्याहून कडक परीक्षक आणि त्याहून मोठें बक्षीस दुसरें कोणतें मिळणार?

नोकरीविषयीं मात्र पालकांनीं मनांत भ्रम ठेवूं नये. या उद्योगाला २०३० पर्यंत २० लाख कुशल माणसें लागतील, असा अंदाज त्याच अंदाजपत्रकाच्या भाषणांत सांगितला आहे. पुण्यांतील एका निर्मितीसंस्थेनें, नॉडिंग हेड्स गेम्सनें, २०२० सालीं प्रसिद्ध केलेला "राजी" हा भारतीय पुराणकथांवर उभारलेला खेळ जगभर खेळला गेला. म्हणजे असें काम महाराष्ट्रांत होऊं शकतें हें सिद्ध आहे. तरीपण दहावीच्या प्रमाणपत्रावर अशा संस्थेंत कोणी लगेच घेणार नाहीं. तें प्रमाणपत्र म्हणजे पुढील शिक्षणाच्या दाराशीं नेणारी पायरी आहे. ज्याला त्या दारांतून जावयाचें नाहीं, जो उद्यां बागेंत, दुकानांत किंवा कारखान्यांत जाणार आहे, त्यालाहि हिशेब मांडणें, चूक शोधून काढणें, चौघांत मिळून काम शेवटास नेणें, या गोष्टी जन्मभर पुरतील.

राहिली व्यसनाची भीति. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्यांत ई-क्रीडा आणि शैक्षणिक खेळ यांस उत्तेजन देण्याचेंहि ठरविलें आहे. जुगार आणि खेळ यांतील ही रेषा मुलांनाहि दाखवून दिली पाहिजे. बक्षीस केव्हां द्यावें, किती वेळ झुलवावें, "आणखी एकच डाव" असें खेळणाऱ्याला कशानें वाटतें, हीं गुपितें रचणाऱ्याला शिकावींच लागतात. ज्यानें तीं जाणलीं, तो दुसऱ्याच्या जाळ्यांत सहजासहजीं सांपडत नाहीं. जादूच्या प्रयोगाची मेख ठाऊक असलेला माणूस टाळ्या वाजवील, पण खिसा रिकामा करणार नाहीं.

तेव्हां प्रयोगशाळेची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. पुठ्ठा, खडू, चिंचोके आणि एक कोरी वही एवढ्या सामग्रीवर येत्या सत्रांतच प्रारंभ करतां येईल. एका शिक्षकानें, मग तो गणिताचा असो, चित्रकलेचा असो कीं मराठीचा, आठवड्यांतून दोन तासिका यासाठीं राखाव्यात. मुलामुलींचे मिश्र गट करावेत. यंत्रावर मुलगे आणि रंगकामावर मुली अशी वांटणी होऊं देऊं नये. वर्षअखेर प्रत्येक गटाचा एक पुरा खेळ शाळेच्या कपाटांत जमा व्हावा. पुढें यंत्रें आलीं, तर त्यांच्यावर काय करावयाचें हें मुलांना आधींच ठाऊक असेल. आणि प्रमाणपत्र देणारा परीक्षक जेव्हां शाळेच्या दाराशीं येईल, तेव्हां त्याला दाखविण्यासारखें कांहीं तरी कपाटांत तयार असेल.